रुपया काळा पडला म्हणून घासू नका

मागच्या आखजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मोठीआईची लोखंडी पेटी उघडली, तेव्हा लुगड्यांखाली लाल कापडाची एक पिशवी निघाली. आत चांदीची ४१ नाणी. बरेचसे राणी छाप आणि राजा छाप रुपये, दोन गांधीजींचे दहाचे, आणि तळाशी तीन जाड, वेडेवाकडे, ज्यांवर फारसी अक्षरं अर्धीमुर्धीच उमटलेली. चांगले रुपये कोणीतरी दहा-दहाच्या चळती करून रबर लावून ठेवले होते. रबर केव्हाच वाळून तुटलं होतं. पण जाता जाता वरच्या रुपयावर सही करून गेलं होतं. राणीच्या मुकुटापासून हनुवटीपर्यंत काळाभोर पट्टा, बाजूची चांदी मात्र नुसती पिवळसर.

"काऊन रे, चांदीले बी जंग लागते का?" मोठीआईनं विचारलं.

मी शाळेत विज्ञान शिकवतो, म्हणून घरातले असले प्रश्न माझ्याच वाट्याला येतात. त्या दिवशी तिला जे सांगितलं तेच इथे जरा ऐसपैस लिहितो. वरूड-मोर्शीपासून पार गडचिरोलीपर्यंत कितीतरी घरांत अशा पिशव्या आहेत, आणि त्यांतल्या नाण्यांचं सगळ्यात जास्त नुकसान घरचीच माणसं करतात, तेही जिव्हाळ्यानं.

जंग लागतो तो लोखंडाला, पाणी आणि ऑक्सिजनमुळे. साध्या हवेतल्या ऑक्सिजनला चांदी दाद देत नाही. तिला ओढ आहे गंधकाची. हवेत हायड्रोजन सल्फाइड नावाचा वायू असतो, सडक्या अंड्याचा वास येतो तोच. आपल्या नाकाला कळणारही नाही इतका कमी असला तरी चांदीला पुरतो. चांदी आणि गंधक मिळून सिल्व्हर सल्फाइड होतं, आणि ते काळं असतं. हवा दमट असली की हे काम भरभर होतं.

पण नाणं एका दिवसात काळं होत नाही. आधी फिकट पिवळं दिसतं, मग लालसर तपकिरी, मग निळसर, आणि सगळ्यात शेवटी काळं. पावसात रस्त्यावर डिझेलचा थेंब सांडला की त्यात जसे रंग दिसतात, तसाच हा प्रकार. सल्फाइडचा थर सुरुवातीला केसाच्या जाडीच्या हजाराव्या भागाहूनही पातळ असतो. त्याच्या वरच्या पृष्ठावरून आणि खालच्या चांदीवरून परतणारा उजेड एकमेकांत मिसळतो, आणि थराच्या जाडीप्रमाणे रंग बदलतो. संग्राहक याला टोनिंग म्हणतात. वर्षानुवर्षं सावकाश, सारखं चढलेलं टोनिंग असेल तर ते जास्त पैसे मोजतात, कारण या नाण्याला कोणी हात लावलेला नाही याची ती खूण असते. आपल्याकडे नेमकं उलटं. काळा रुपया दिसला की बायाबापड्या चिंच घेऊन बसतात.

रबराचं कोडंही यातच सुटतं. रबर टिकाऊ व्हावं म्हणून त्यात गंधक घालून तापवतात. तुम्ही रुपयांना रबर लावलं, म्हणजे गंधकाची पट्टीच गुंडाळली.

आता घरात एक चक्कर मारा आणि गंधक कुठेकुठे आहे ते बघा. स्वयंपाकघरात अंडी, कांदा, लसूण. सिलिंडरचा गॅस गळला तर कळावं म्हणून त्यात जो उग्र वास मिसळतात, तोही गंधकाचाच. गोबरगॅस असेल तर त्यात हायड्रोजन सल्फाइड असतोच. लोकरीच्या कपड्यांत गंधक आहे, म्हणून स्वेटरच्या घडीत नाणी ठेवणं वाईट. वणी-चंद्रपूरकडे कोळसा जळतो, त्याचा धूर आहेच. आणि आमच्या संत्रापट्ट्यात तर ज्या खोलीत पेटी असते त्याच खोलीत, कोळी कीड पडू नये म्हणून बगीच्यावर फवारायच्या गंधकाचं अर्धं पाकीट तोंड मुरडून ठेवलेलं असतं. मोठीआईच्या पेटीशेजारी होतं. मी आधी ते उचलून बाहेरच्या कोठ्यात नेलं, मग बाकीचं बोललो.

अजून एक. वर्षातून एकदा सगळी नाणी बाहेर निघतात ती लक्ष्मीपूजनाला. आणि वर्षातली सगळ्यात गंधकाची रात्र तीच, कारण फटाक्याच्या दारूत गंधक असतं.

माझ्या हातून गेलेला रुपया

सातवी-आठवीत असताना मला याच पिशवीतला १८६२ चा एक रुपया बाबांनी बघायला दिला होता. करड्या रंगाचा, मधूनच निळी झाक मारणारा. मी तो टूथपेस्ट आणि जुना ब्रश घेऊन पंधरा मिनिटं घासला. आरशासारखा झाला. सगळ्यांनी शाबासकी दिली. तो रुपया आज माझ्या टेबलावर आहे, आणि त्याची शिक्षा मी अजून भोगतो आहे.

तो जवळून कसा दिसतो ते सांगतो. एकाच दिव्याखाली नाणं तिरपं धरून हळूहळू फिरवायचं. न घासलेल्या चांगल्या नाण्यावर उजेडाचे पट्टे मधल्या भागाभोवती गरगर फिरताना दिसतात, बंडीच्या चाकाचे आरे फिरावेत तसे. टांकसाळीत ठशाचा दाब पडतो तेव्हा धातू मधून कडेकडे वाहतो आणि डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक रेघा मागे ठेवतो. ती चमक या रेघांची असते. माझ्या रुपयावर आरे फिरत नाहीत. सगळीकडे सारखाच पांढरा, निर्जीव प्रकाश, आणि भिंग लावलं तर राणीच्या गालावर ब्रशचे शेकडो ओरखडे. टूथपेस्टमध्ये बारीक कठीण कण असतात. राख, रांगोळी, भांड्याची पावडर, सगळ्यांत तेच. आणि जो काळेपणा निघून गेला तो वरून बसलेला मळ नव्हता. त्यातली चांदी नाण्याचीच होती.

सोनाराकडे उजळायला देणं हाही तोच मार्ग, फक्त जास्त सफाईदार. मोबाइलवर दिसणारा उपाय म्हणजे ॲल्युमिनियमची चंदेरी पन्नी, गरम पाणी आणि खायचा सोडा. त्यामागचं विज्ञान खरं आहे. चांदीला धरून बसलेलं गंधक ॲल्युमिनियम ओढून घेतं आणि चांदी जागेवर परत येते. पाण्याला सडक्या अंड्याचा वास येतो तो त्यामुळेच. घरातल्या वाटी-ताटाला करा, हरकत नाही. संग्रहातल्या नाण्याला नको. जुना रंग जातो, खाली उघडी, निस्तेज चांदी राहते, आणि जाणकाराला ते दहा फुटांवरून कळतं.

मग करायचं काय? बहुतेक वेळा काहीच नाही. नाण्यावर सुटी माती असेल तर ते बॅटरीत घालतात त्या शुद्ध पाण्यात तासभर बुडवून ठेवा. बाटली नीट बघून घ्या, कारण त्याच दुकानात बॅटरीचं ॲसिडही तसल्याच बाटलीत असतं. विहिरीचं किंवा बोअरचं पाणी नको, वाळल्यावर क्षारांचे डाग राहतात. तेलकट, चिकट थर असेल तर शुद्ध ॲसिटोन, काचेच्या वाटीत, उघड्या हवेत, विस्तवापासून लांब, कारण ते पेट्रोलसारखंच भडकतं. नेलपॉलिश काढायचं द्रव घेऊ नका, त्यात रंग-सुगंध मिसळलेले असतात. दोन्ही वेळा पुसायचं नाही. मऊ कापडावर ठेवायचं आणि आपोआप वाळू द्यायचं.

हात लावताना कडेला धरायचं, अंगठा आणि तर्जनी. घामात मीठ असतं. आज उमटलेला ठसा आज दिसत नाही, दोन वर्षांनी तपकिरी होऊन वर येतो. खाली दुपटं अंथरा म्हणजे निसटलं तरी फरशीवर पडणार नाही. आणि नाणं तोंडासमोर धरून गोष्टी सांगू नका, थुंकीचे शिंतोडे कायमचे बसतात. हे मी वर्गातल्या पोरांना सांगतो तेव्हा ती हसतात.

पिशवीत काय होतं

सगळी चांदी सारखी नसते, आणि ठेवण्याच्या दृष्टीनं तो फरक महत्त्वाचा आहे. १८३५ पासूनचा कंपनीचा आणि नंतरचा राणी-राजांचा रुपया ११.६६ ग्रॅमचा, म्हणजे बरोबर एक तोळा. त्यात ९१.७ टक्के चांदी, उरलेलं तांबं. सोनार पूर्वी तराजूत वजन म्हणून हाच कलदार, म्हणजे यंत्रावर पाडलेला, रुपया टाकत. आज सोनाराच्या बोलण्यातला तोळा दहा ग्रॅमवर आला, रुपया तिथेच राहिला. १९४० पासून मात्र, युद्धाच्या काळात, चांदी निम्मी झाली: ५० टक्के चांदी, ४० टक्के तांबं, बाकी निकेल आणि जस्त. हे रुपये लवकर मळकट पडतात, आणि दमट जागी तांबं हिरवं पडतं. त्यांना वेगळं ठेवा. १९४७ चा रुपया निकेलचा आहे, चांदीचा नाहीच. १९६९ चं गांधी शताब्दीचं दहाचं नाणं १५ ग्रॅमचं, ८० टक्के चांदीचं.

ते तीन वेडेवाकडे रुपये हातानं पाडलेले. नागपूरकर भोसल्यांचे रुपये असेच, मोगल बादशहाच्या नावानं पाडलेले. ठसा मोठा आणि धातूचा तुकडा लहान, म्हणून अक्षरं कडेबाहेर निघून गेलेली. पश्चिम विदर्भात, म्हणजे वऱ्हाडात, निजामाचा हाली शिक्काही घरोघरी सापडतो. निजामाच्या विसाव्या शतकातल्या रुपयावर चारमिनार असतो. यंत्राच्या नाण्यांसाठी गोल डब्या मिळतात. हातच्या नाण्यांची जाडी आणि आकार प्रत्येकाचा निराळा, ती गोल डबीत दाबून बसवू नका.

गळ्यातल्या माळेतले रुपये असतील, टाका मारून कडी लावलेले, तर कडी काढायला जाऊ नका. टाका तापवला की नाणं गेलंच, आणि ज्या बाईनं ती माळ वापरली तिची खूणही गेली.

हिरवा चिकटा

नागपूरला एका प्रदर्शनात मी पहिला अल्बम घेतला होता. मऊ, पारदर्शक खिशांचा, उघडला की नव्या रेनकोटसारखा वास. आमचा वरचा मजला टिनाचा. दोन उन्हाळे गेले. तिसऱ्या वर्षी उघडला तर नाणी खिशांना चिकटलेली, आणि त्यांवर हिरवट, बुळबुळीत थर.

तो प्लास्टिकचा दोष. पीव्हीसी नावाचं प्लास्टिक मुळात कडक असतं. मऊ करायला त्यात तेलासारखी रसायनं मिसळतात. उष्णतेनं ती हळूहळू बाहेर झिरपतात, आणि पीव्हीसी जुनं झालं की त्यातून आम्लही सुटतं. ते नाण्यातल्या तांब्याला खातं आणि हिरवं करतं. पुण्या-मुंबईत ज्याला बरीच वर्षं लागतील ते आपल्या ४५ अंशांच्या वैशाखात, टिनाखाली, दोन-तीन वर्षांत होतं. वेळीच दिसलं तर ॲसिटोननं निघतं. खाली खड्डे पडले असतील तर ते तसेच राहतात.

ओळखायचं कसं? नाक चांगलं सांगतं: रेनकोटचा वास आला की नको. पक्की परीक्षा हवी असेल तर तांब्याची तार लाल होईपर्यंत तापवा, त्या प्लास्टिकच्या टाकाऊ तुकड्याला टेकवा, आणि तार परत ज्योतीत धरा. ज्योत हिरवी झाली तर पीव्हीसी. हे अंगणात करा, धूर विषारी असतो. निर्धोक प्लास्टिक म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, पॉलिथिलीन, मायलार या नावानं मिळणारं पॉलिएस्टर, आणि डब्यांसाठी ॲक्रिलिक. विकत घेताना दुकानदाराला नाव विचारा. ‘चांगलं प्लास्टिक आहे हो’ हे नाव नव्हे.

वर्तमानपत्राच्या पुड्या, वहीचा कागद, चपलांच्या खोक्याचा पुठ्ठा यांत आम्ल आणि गंधक दोन्ही असू शकतं. सेलोटेप आणि डिंक तर नाण्याच्या जवळपासही नको. पुठ्ठ्याच्या चौकटीत मधे मायलारची खिडकी असते, ती चौकट स्वस्त आणि चांगली, फक्त तिच्या स्टेपलच्या पिना पक्कडीनं दाबून सपाट करा. नाही तर एका नाण्याची पीन दुसऱ्याला ओरबाडते.

मृगाआधीचा डबा

आपल्या हवेचा एक मोठा फायदा आहे, तो कोकणातल्या माणसाला मिळत नाही. चैत्र-वैशाखात विदर्भातली हवा इतकी कोरडी असते की ओठ फुटतात. कुरड्या, पापड, सरगुंडे त्याच दिवसांत का वाळवतो आपण? आणि वाळल्यावर लगेच घट्ट डब्यात का भरतो? नाण्यांनाही तोच न्याय लावा. मृग लागायच्या आधी, सकाळच्या वेळी, हाताला घाम सुटायच्या आत, नाणी डब्यात भरून टाका. जी कोरडी हवा आत कोंडली ती पावसाळाभर कामाला येते.

डबा म्हणजे साधा घट्ट झाकणाचा स्टीलचा पिठाचा डबा. प्रत्येक नाणं आपल्या चौकटीत किंवा डबीत, त्या सगळ्या पॉलिथिलीनच्या झिपवाल्या पिशवीत, आणि सोबत सिलिका जेलच्या पुड्या. पाच लिटरच्या डब्याला चाळीस-पन्नास ग्रॅम पुरतं. रंग बदलणारं घ्या, म्हणजे कळतं. निळ्याचं गुलाबी होतं, नारंगीचं हिरवं. निळ्यात कोबाल्ट असतं, ते विषारी, म्हणून मी नारंगी वापरतो. रंग बदलला की खाण्याला न वापरायच्या जुन्या तव्यावर मंद आचेवर परतायचं, रंग परत येतो, थंड झालं की पुन्हा डब्यात. गंधक शोषणारे चांदीसाठीचे कागद आणि कापडं मिळतात. तेही एक-दोन टाका आणि वर्षा-दोन वर्षांनी बदला, कारण ते भरत जातात. डांबरगोळ्या अजिबात नकोत. त्यांची वाफ नाण्यांवर बसते आणि काही प्लास्टिकच्या डब्या त्यानं विरघळतात.

जेलनं ओल जाते, गंधक जात नाही. म्हणून झाकण घट्ट हवं. धान्याला हवा लागते, नाण्याला नको.

डबा कुठे ठेवायचा? माळ्यावर नाही, तिथे टिनाचा ताव असतो. स्वयंपाकघरात नाही, देवघरातही नाही, कारण तिथे धूप, तेलाचा दिवा, अगरबत्ती. मातीच्या भिंतींचं मधलं माजघर असेल तर त्याच्यासारखी जागा नाही. तिथे उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात फार फरक पडत नाही. भिंतीला किंवा जमिनीला टेकवून ठेवू नका, खाली लाकडाची पाटी द्या. पुठ्ठ्याच्या चौकटी उघड्यावर असतील तर वाळवी त्या पोळीसारख्या खाते, म्हणूनही स्टीलच बरं. जास्त किमतीची नाणी बँकेच्या लॉकरमध्ये. चोरी, आग किंवा बँकेच्या कर्मचाऱ्याच्या लबाडीमुळे माल गेला तर बँकेची भरपाई लॉकरच्या वार्षिक भाड्याच्या शंभरपटीपर्यंतच असते, हा रिझर्व्ह बँकेचा नियम लक्षात ठेवा आणि हिशोब करा.

दोन्ही बाजूंचे फोटो आणि प्रत्येकाचं वजन एका वहीत लिहून ठेवा. दोन ठिकाणी. हे कंटाळवाणं काम आहे, पण चोरी झाली तर पोलिसांना दाखवायला दुसरं काही नसतं.

बघायला काढायची तर

नाणी डब्यात बंद करून ठेवायची तर ती असून नसून सारखीच, असं माझा धाकटा भाऊ म्हणतो. त्याचंही बरोबर आहे.

मी एक उथळ, काचेच्या झाकणाची पेटी करून घेतली. सुताराला म्हटलं, प्लायवूड नको. त्याच्या चिकटद्रव्यातून महिनोन् महिने वाफा निघतात. सागवान आपल्याकडे मिळतं, पण त्यालाही पॉलिश केल्यावर दोन-तीन महिने उघडं वाळू दिलं, मगच नाणी ठेवली. खाली मखमल घालायचा मोह होतो. मखमल लोकरीची किंवा कच्च्या रंगाची असली तर घात. मी दोनदा धुतलेलं पांढरं सुती कापड पसरलं आणि नाणी ॲक्रिलिकच्या डब्यांतच ठेवली. उघडं नाणं कापडावर ठेवलेलं फोटोत छान दिसतं, तिथेच ते थांबवावं. डबी असली की पाव्हण्यांच्या पोरांना हातात देता येतं, हा मोठा फायदा. रुपयाचा व्यास ३०.५ मिलिमीटरच्या आसपास असतो, डबी ३१ ची लागते. सैल डबीत नाणं खुळखुळतं आणि कडा घासल्या जातात.

पेटी पश्चिमेच्या भिंतीवर नको. आत दिवा लावायचाच असेल तर एलईडी, आणि तोही डोक्यावर नाही, बाजूनं तिरपा. समोरून उजेड पडला की चेहरा सपाट दिसतो. बाजूनं पडला की राणीच्या केसांची एकेक बट उठून येते. मागची बाजूही दाखवायची तर खाली आरशाचा तुकडा ठेवा.

सगळ्यात जास्त बघितली जाते ती चिठ्ठी. नुसतं ‘१९११, एक रुपया’ लिहू नका. १९११ च्या रुपयावर पंचम जॉर्जच्या अंगरख्यावरच्या साखळीत एक हत्ती आहे, त्याची सोंड इतकी आखूड आली की लोकांना तो डुक्कर वाटला. बोभाटा झाला, सरकारनं नाणी परत घेऊन वितळवली, आणि १९१२ ला सोंड नीट काढली. १९११ चा आणि १९१२ चा रुपया शेजारी ठेवा, वर एक भिंग टांगा, आणि चिठ्ठीवर फक्त एवढंच लिहा: ‘हत्ती शोधा’. आमच्याकडे ओटीवर पोरांची रांग लागते. या राजाच्या रुपयांवर मागे, सालाखाली, कडेजवळच्या फुलाशी बारीक टिंब असलं तर ते मुंबईच्या टांकसाळीचं, नसलं तर कोलकात्याचं. हा दुसरा खेळ.

गावात सगळा संग्रह एकदम मांडू नका. पाच-सात नाणी ठेवा, दर दोन महिन्यांनी बदला. बाकीच्यांचे मोठे फोटो छापून लावले तरी चालतात. आणि मोबाइलवर फोटो टाकून ‘राणीच्या रुपयाचे लाखो रुपये देतो, आधी नोंदणीचे पैसे भरा’ असं कोणी म्हणालं तर फोन ठेवून द्या. रिझर्व्ह बँकेच्या नावानंही असे फोन येतात, आणि बँकेनं स्वतःच त्याबद्दल सावध केलेलं आहे.

नांगराला लागलेल्या गाडग्याचं मात्र वेगळं. आपल्या भागात अशी नाणी निघतात. मंगरूळपीरकडच्या तऱ्हाळ्याला १९३९ मध्ये सातवाहनांच्या नाण्यांचा मोठा साठा निघाला होता, तो चांदीचा नव्हता तरी इतिहासाच्या दृष्टीनं फार मोलाचा ठरला. जमिनीत दडलेलं दहा रुपयांहून जास्त किमतीचं काहीही सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं, १८७८ चा कायदा आहे. धुऊ नका, वाटून घेऊ नका, गाडग्याच्या खापऱ्याही टाकू नका. कोणतं नाणं कोणत्या नाण्याशेजारी पडलं होतं, हीच अभ्यासकाला खरी माहिती असते. आणि शंभर वर्षं ओलांडलेलं नाणं परदेशातल्या भाच्याला भेट म्हणून पाठवू नका. १९७२ च्या कायद्यानं ते पुरावस्तू ठरतं आणि खाजगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. नागपूरला गेलात तर अजब बंगल्यात, म्हणजे १८६३ पासूनच्या मध्यवर्ती संग्रहालयात, चक्कर मारा. काचेआड वस्तू कशी ठेवतात ते बघणं हाही अभ्यासच.

हे सगळं ऐकून मोठीआई गप्प बसली. मग म्हणाली, "मंग लक्ष्मीपूजनाले म्या काय ठेवू? फोटो?"

प्रश्न रास्त होता. पूजेत नाण्याला दूध-दही लागणार, हळद-कुंकू लागणार, आणि ती दुसऱ्या दिवशी ते चिंचेनं घासल्याशिवाय राहणार नाही. म्हणून ४१ मधून एक रुपया पूजेसाठी वेगळा काढला. पंचम जॉर्जचा, १९१८ चा. त्या साली हे रुपये कोट्यवधी पाडले गेले, कारण पहिल्या महायुद्धात चांदीचा तुटवडा झाला होता, आणि अमेरिकेनं आपले पंचवीस कोटींहून जास्त चांदीचे डॉलर वितळवून ब्रिटिशांना मुख्यतः भारतातल्या नाण्यांसाठी चांदी विकली. अजूनही कोणत्याही सराफाकडे मिळतो. मी तो तिच्या हातात दिला.

"हा घास," म्हटलं, "पाह्यजे तितका घास."

तिनं तो दिव्याजवळ नेऊन उलटसुलट पाहिला, पदरानं पुसला, आणि म्हणाली, "राणीचा निघाला असता तं बरं झालं असतं."